विचारा बिनधास्त : शापाचे दगड, शिशाचे पत्रे

गेल्या अंकात गधेगाळीचा, म्हणजे गाढव-बाई कोरलेल्या शापाच्या दगडाचा, फोटो छापला काय आणि कोकणातून पत्रांची रांगच लागली, सगळी घेता येणार नाहीत, तीन घेतोय.

प्रश्न : आमच्या वाडीत देवळामागे एक दगड आहे. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि बाई, म्हणजे नको त्या अवस्थेत. सासूबाई म्हणतात बघू नकोस, कोणीतरी करणी करून पुरलाय. आता रस्ता रुंद होतोय, दगड हलवायचाय तर कोणी हात लावायला तयार नाही. खरंच करणी आहे का? – एक वाचक, अलिबाग तालुका

उत्तर : ताई, करणी नाही हो, तो सरकारी कागद आहे, फक्त दगडावरचा. शिलाहारांच्या, म्हणजे कोकणावर राज्य करणाऱ्या जुन्या राजघराण्याच्या काळात राजाने किंवा प्रधानाने देवळाला जमीन, धान्य असं काही लावून दिलं की असा दगड उभा करायचे. चंद्र-सूर्य म्हणजे ते आहेत तोवर हे दान चालू, मधे मजकूर (पुष्कळदा तो नसतोच, नुसतं चित्र), आणि खालचं गाढव म्हणजे जो हे दान मोडेल त्याच्या आईला शिवी. करणी कशी, गुपचूप, रात्रीची, उंबऱ्याखाली पुरायची. हा दगड तर सगळ्यांनी बघावा म्हणूनच लावलेला!

तुमच्याच तालुक्यात आक्षीला असा लेख आहे, शिलाहार राजा केसीदेवाचा, महालक्ष्मीला धान्य लावून दिल्याचा. जुन्या मराठी लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळ्यांनी त्यावर शके 934 म्हणजे इ.स. 1012 वाचलं, काही अभ्यासक साल बरंच पुढचं धरतात, तो वाद चालूच आहे. मला जास्त मजा वाटते ती परळच्या बाराव्या शतकातल्या लेखाची, सगळा मजकूर संस्कृतात आणि शापाची ओळ तेवढी चक्क मराठीत, कारण संस्कृत पंडितांपुरतं ठीक, पण शिवी जमीन ढापणाऱ्याला कळायला नको का? पुढे राज्यं बदलली तरी पद्धत सुटली नाही, सुलतानी अमलातल्याही गधेगाळी सापडतात.

काही जण म्हणतात ती बाई म्हणजे भूमी, जमिनीवर गाढवाचा नांगर फिरावा तसं (आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं पुणं उजाड करून फिरवला तसा). असेलही, पण मला ती सरळसरळ शिवीच वाटते, आणि त्यात जमीन खाणार पुरुष, भोगणार त्याची आई, हे काही कौतुक करण्यासारखं नाही.

सासूबाईंना सांगा की बघायला काही हरकत नाही. तुम्ही मोजके फोटो काढा, रात्री बाजूने टॉर्च मारून बघा, दिवसा न दिसणारी अक्षरं उठून दिसतात. शेंदूर, ऑइलपेंट, सिमेंट काही लावू नका. आणि जेसीबी यायच्या आधी तहसीलदार आणि राज्य पुरातत्त्व विभाग दोघांना लेखी कळवा, पोच घ्या, कारण दगड एकदा भरावात गेला की संपलं.

प्रश्न : आमच्याकडे चोरी झाली की गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो. असलं जगात दुसरीकडे कुठे आहे की आम्हीच तेवढे? – मालवण

उत्तर : तुम्हीच कशाला, इंग्लंडात बाथ नावाचं गाव आहे, तिथे रोमन काळात सुलिस मिनर्व्हा देवीचा गरम पाण्याचा झरा होता. तो 1979-80 मध्ये खणला तेव्हा शिशाचे असे पत्रे निघाले, आतापर्यंतचे धरून साधारण 130, त्यांवर टोकाने कोरून तक्रारी लिहिलेल्या आणि बरेचसे घडी घालून पाण्यात टाकलेले. तक्रारी काय तर आंघोळीला गेलो आणि कपडे गेले, हातमोजे गेले! डोसिलियानस नावाच्या माणसाचा टोपीवाला झगा गेला, तो देवीला म्हणतो की चोर पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, झगा तुझ्या देवळात आणून देईपर्यंत त्याला झोप नको, मूलबाळ नको. एका पत्र्यात तर ख्रिस्ती असो की नसो असंही आहे, सहा चांदीची नाणी गेली होती बिचाऱ्याची. नाव माहीत नसलेल्या चोराला सगळ्या बाजूंनी घेरायचं, कुठली फट ठेवायची नाही, हे तुमच्या गुरवाला लगेच ओळखू येईल. फरक एवढाच की तिथे घडी घालून पाण्यात, आणि इथे अख्ख्या गावासमोर, "होय म्हाराजा" म्हणायला माणसं उभी. माझ्या मते गाऱ्हाणं जास्त चालत असणार, कारण चोर बऱ्याचदा त्याच गर्दीत असतो आणि त्यालाही "होय म्हाराजा" म्हणावं लागतं.

प्रश्न : गधेगाळीवर कलश असतो, म्हणजे खाली सोन्याचा हंडा असतो म्हणतात. एक मांत्रिक शोधून देतो म्हणतोय, पैसे द्यायचे का? – नाव छापू नका

उत्तर : नाही. कलश मंगलचिन्ह आहे, नकाशा नव्हे. शिवाय 1878 च्या कायद्याने जमिनीत सापडलेलं 10 रुपयांवरचं धन कलेक्टरला कळवावं लागतं, परस्पर खिशात घालता येत नाही, आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मांत्रिकासकट तुम्हालाही लागेल.