बार्नी करणारा माणूस : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नील पॅट्रिक हॅरिस या अमेरिकन टीव्ही नटावर अर्धं पान लिहिलं होतं, तो गे आहे आणि ते त्याने उघडपणे सांगितलंय असं त्यात होतं. त्यावर खूप पत्रं आली. या वेळी मराठवाड्यातली घेतलीत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, काहींनी तशी विनंती केली होती आणि बाकीच्यांचीही नकोत असं मलाच वाटलं.

लातूरहून एक विद्यार्थी : ताई, मी इथं हॉस्टेलवर राहतो, नीटची तयारी चालू आहे. रात्री जेवण झालं की आमच्या रूमवर 'हाऊ आय मेट युवर मदर' लागतं, त्यातला बार्नी सगळ्यांचा फेवरेट. तुमचं वाचून कळलं की तो खऱ्या आयुष्यात गे आहे. पोरं म्हणतात शक्यच नाही, एवढा पोरींच्या मागं फिरणारा माणूस गे कसा असंल. आणि असंल तर लपवून ठेवलं होतं का, कळल्यावर लोकांनी सिरीयल बघायची सोडली नाही का?

पोरांना सांग की ते त्याचं काम आहे. निळू फुले पडद्यावर एवढे वाईट पाटील आणि सरपंच झाले की गावोगावच्या बाया त्यांना खऱ्याखुऱ्या शिव्या द्यायच्या, आणि माणूस प्रत्यक्षात सेवा दलातला, साधा आणि सज्जन. नट चांगला असला की असंच होतं.

आता त्याचं ऐक, कारण क्रम महत्त्वाचा आहे. जन्म 1973 चा, न्यू मेक्सिको राज्यातला, रुइडोसो नावाच्या डोंगरातल्या छोट्या गावात वाढला, आईवडील दोघं वकील. म्हणजे हॉलिवूडशी घरात कुणाचा संबंध नाही. शाळेत असताना नाटकाच्या शिबिराला गेला, तिथं एका नाटककाराच्या नजरेत भरला आणि 1988 मध्ये पहिला सिनेमा, तोही व्हूपी गोल्डबर्गसोबत. पुढच्याच वर्षी 'डूगी हाउजर' ही सिरीयल मिळाली, कोवळ्या वयात डॉक्टर झालेला हुशार पोरगा, मेन रोल. चार सीझन चालली, 1993 ला संपली. मग बालकलाकारांचं जे होतं तेच याचंही झालं, लोकं म्हणणार अरे तो डूगी ना, आणि मोठ्या माणसाचं मोठं काम काही मिळत नाही. टीव्हीवरचे सिनेमे केले, नाटकं केली, म्युझिकलमध्ये गायला, आणि असं करत करत 2005 ला बार्नी मिळाला.

2006 च्या नोव्हेंबरमध्ये, सिरीयलचा दुसराच सीझन चालू असताना, इंटरनेटवर त्याच्याबद्दल कुजबुज सुरू झाली होती, तेव्हा त्याने 'पीपल' या अमेरिकन साप्ताहिकाला थेट सांगून टाकलं की हो, मी गे आहे आणि समाधानात आहे. वय 33. तोवर लपवलं होतं का म्हणशील तर जाहीर बोलला नव्हता, एवढंच. ज्या धंद्यात बाईमागं फिरणाऱ्या हिरोचं काम मिळवायचंय तिथं असं बोलायला किती दम लागत असेल याचा विचार कर, आणि बोलल्यावर आपलं काम जाणार का हे त्या दिवशी त्याला कुणीच सांगू शकत नव्हतं.

काम गेलं नाही. मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे की बार्नी बदलला नाही. लेखकांनी त्याला मवाळ केलं नाही, साइडला टाकलं नाही, तो पुढची सात वर्षं तसाच सूट घालून पोरींना थापा मारत राहिला आणि लोकं तशीच खळखळून हसत राहिली. 2007 ते 2010 सलग चार वर्षं त्याला या रोलसाठी एमीचं, म्हणजे टीव्हीच्या मोठ्या पुरस्काराचं, नामांकन मिळालं, आणि ही सगळी त्याने जाहीर सांगितल्यानंतरची. सिरीयल 2014 पर्यंत चालली, 9 सीझन, 208 भाग. त्याच वर्षी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या रंगभूमीवर, नाटकासाठी टोनी अवॉर्ड घेतला आणि 2015 ला ऑस्करचा सोहळा होस्ट केला. तुमच्या रूमवर जे चालू असतं त्यातला बहुतेक भाग सगळ्या जगाला माहीत झाल्यानंतरचा आहे, आणि तुम्हाला बघताना कुठंच काही खटकलं नाही. अभ्यास मात्र बुडवू नकोस.

जालन्याहून एक वाचक : त्याला जुळी मुलं आहेत असं तुम्ही लिहिलं, दोन पुरुषांना मुलं कशी झाली? आणि आपल्याकडं असं करता येतं का?

सरोगसीने झाली, म्हणजे दुसऱ्या बाईने त्यांच्यासाठी मुलं पोटात वाढवली, ऑक्टोबर 2010 मध्ये, एक मुलगा एक मुलगी. त्याचा जोडीदार डेव्हिड बर्टका, तोही नट आणि शिवाय शेफ, दोघं 2004 पासून सोबत आहेत. त्यांनीच सांगितलंय की एक मूल एकाचं आणि दुसरं दुसऱ्याचं, आणि कोणतं कुणाचं यात त्यांना रस नाही. लग्न नंतर केलं, कारण कायदाच नंतर आला. न्यूयॉर्कमध्ये 2011 च्या जूनमध्ये परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी साखरपुड्याचं जाहीर केलं आणि 6 सप्टेंबर 2014 ला इटलीत लग्न केलं.

आपल्याकडं नाही करता येत. 2021 च्या सरोगसी कायद्यात फक्त लग्न झालेलं नवराबायकोचं जोडपं, तेही डॉक्टरी कारण असेल तर, आणि 35 ते 45 वयाच्या विधवा किंवा घटस्फोटित बाया, एवढ्यांनाच परवानगी आहे. दत्तक एकट्या पुरुषाला घेता येतं पण मुलगाच, मुलगी नाही, आणि दोन पुरुषांना जोडपं म्हणून नाही. लग्नाचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने 17 ऑक्टोबर 2023 ला सांगितलं की तो हक्क आम्ही देऊ शकत नाही, संसदेने बघावं. एकत्र राहणं मात्र गुन्हा नाही, 377 कलमातला त्याला गुन्हा ठरवणारा भाग कोर्टाने 2018 मध्ये काढून टाकला, आणि तारीख त्यांच्या लग्नाचीच, 6 सप्टेंबर.

बीडहून एक वाचक : स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आपलं घरात वाचलं जाणारं मासिक आहे. नटाने काम काय केलं ते लिहा, तो घरी कुणासोबत राहतो ते कशाला? ही बाहेरची खुळं आपल्या पोरांच्या डोक्यात घालू नयेत असं वाटतं.

दादा, राग नाही. पण याच मासिकात आपण नटनट्यांची लग्नं, बारशी, घराचं इंटिरियर सगळं छापतो आणि तुम्ही वाचता, तेव्हा कुणी म्हटलं नाही की ते घरातलं आहे. त्याने स्वतः सांगितलं तेवढंच मी लिहिलं, कुणाचं चोरून काढलेलं मी कधीच लिहिणार नाही. आणि हे बाहेरचं नाही. विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' लिहिलं त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, पोरीवर प्रेम करणाऱ्या एका मराठी कॉलेजातल्या पोरीची गोष्ट आहे ती. मासिकात वाचून कुणी गे होत नाही. आधीपासून असणाऱ्याला मात्र वाचून कळतं की आपण एकटे नाही. पुढचं पत्र वाचा, तेही घरातच वाचलं गेलंय.

अंबाजोगाईहून एक आई : ताई, नाव छापू नका. माझं लेकरू संभाजीनगरला नाट्यशास्त्र शिकतंय. दिवाळीत आलं तेव्हा रात्री माझ्याजवळ बसून रडलं आणि सांगितलं की आई मी तसा आहे. त्याच्या पप्पांना माहीत नाही. आता तुमचं ते पान उघडून त्याने माझ्यासमोर ठेवलं. नातेवाईक लग्नाचं विचारायलेत. ओळखीचे एक डॉक्टर म्हणले औषधाने बरं होतं, लग्न लावून द्या सुधारंल. मला काहीच कळंना गेलंय. याला सिरीयलमध्ये काम मिळंल का, आणि मी काय करू?

ताई, तुमच्या लेकराने अख्ख्या जगात पहिल्यांदा तुम्हाला सांगितलं, पान पण तुमच्याच समोर ठेवलं. ते तुमच्याशी बोलायचा रस्ता शोधतंय, तो बंद होऊ देऊ नका.

औषधाचं आधी. याला औषध नाही कारण हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 ला आजारांच्या यादीतून हे काढलं. आणि आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये सगळ्या राज्यांच्या मेडिकल कौन्सिलला कळवलंय की असं 'बरं करण्याचे' उपचार देणं म्हणजे डॉक्टरने केलेलं गैरवर्तन. ओळखीचे असले तरी त्या डॉक्टरांकडं त्याला नेऊ नका, मला याची फार काळजी वाटते, कारण अशा उपचारांनी पोरं आतून मोडतात.

लग्न लावून देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. येणारी पोरगी पण कुणाचं तरी लेकरू आहे, तिचा काय गुन्हा. नातेवाइकांना सांगा की शिकतोय, पायावर उभं राहू द्या, सध्या एवढं पुरतं.

पप्पांना कधी सांगायचं ते त्याला ठरवू द्या, तुम्ही परस्पर बोलू नका. तो सांगेल त्या वेळी तुम्ही शेजारी बसा.

कामाचं खोटं सांगणार नाही. नील पॅट्रिक हॅरिस बोलला तेव्हा त्याच्या हातात चालू सिरीयल होती, लहानपणापासूनचं नाव होतं, पैसा होता. तुमच्या मुलाकडं अजून यातलं काही नाही, म्हणून त्याने तसंच आणि तेव्हाच बोलायला पाहिजे असं मुळीच नाही. ऑडिशनला कुणी हे विचारू नये आणि विचारलं तरी सांगायची सक्ती नाही. सिरीयलचं काम कुणालाच खात्रीचं नसतं, त्यात मुंबईचं भाडं, महिनोन्महिने वाट बघणं, हे सगळ्याच पोरांना आहे. त्याला आत्ता नाटक भरपूर करू द्या, युवक महोत्सव, राज्य नाट्य स्पर्धा, एकांकिका, काहीही सोडू नये. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही माणसं त्याच शहरातनं नाटक करत मुंबईला गेली. काम पक्कं असलं की माणसाला बोलायला बळ येतं, असं मला हॅरिसचं आयुष्य वाचून वाटतं.

तुम्हालाही कुणाशी तरी बोलावं लागेल, सगळं एकटीने पोटात ठेवू नका. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केली, या विषयावर त्यांनी मराठीत खूप लिहिलंय, आईबापांना समजेल असं, ते मिळवून वाचा. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलीमानस नंबर 14416 आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मुलगा फार गप्प गप्प राहायला लागला, जेवेना, झोपेना, तर त्याच दिवशी लावा. आणि आज त्याला फोन करून एवढंच विचारा की जेवलास का, तालीम कशी चाललीय, आणि ते पान मी वाचलं.

नांदेडहून एक वाचक : हॅरिस सध्या काय करतो? बार्नीशिवाय काय बघावं?

काम चालूच आहे. 2023 मध्ये 'डॉक्टर हू' या ब्रिटिश सिरीयलमध्ये खलनायक होता. जादूचे प्रयोग हा त्याचा जुना नाद, हॉलिवूडच्या मॅजिक कॅसलमधल्या जादूगारांच्या संस्थेचा तो काही वर्षं अध्यक्षही होता. बघायचंच तर 2017 ते 2019 ची 'अ सिरीज ऑफ अनफॉर्च्युनेट इव्हेंट्स' बघा, अनाथ पोरांच्या इस्टेटीवर टपलेला दुष्ट काउंट ओलाफ तो झालाय, आणि मेकअपमध्ये पहिली पाच मिनिटं तो ओळखू पण येत नाही.