कुंची आणि जर्नल

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

मेसेज वाचला. रात्री पावणेदोनला पाठवला होतास, ते बघूनच निम्मं कळलं. इन्सेम, ती सत्रामधली परीक्षा, तेरा दिवसांवर आलीय, एम-थ्रीची, म्हणजे गणिताची, पाटी अजून कोरी आहे आणि होस्टेलच्या कॉटवर ऑर्डरचे सतरा लोकरीचे ट्युलिप देठांविना पडलेत. आई फोनवर म्हणाली, "ती लोकर आधी माळ्यावर टाक." आणि तू मला विचारतेस, "मावशी, विणणं सोडून देऊ का?"

सोडू नकोस. पण आई चुकतेय असंही माझ्याकडून वदवून घेऊ नकोस.

सोबतचं रंगीत वेळापत्रक पाहिलं. सकाळी साडेसहा ते साडेसात क्रोशे, हिरव्या चौकोनात. दिसायला झकास आहे. दोन दिवस चालेल. त्यापेक्षा माझी एक फजिती ऐक.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. शेजारच्या वहिनींना सातवा लागला आणि आमच्या आईने परस्पर सांगून टाकलं, बाळंतविडा आमच्याकडून. म्हणजे विणायचा मी. कुंची, दोन टोपडी, मोज्यांचे तीन जोड, एक छोटी शाल. दिवस एप्रिलअखेर भरत होते, माझी परीक्षा त्याआधी आटोपणार होती, सगळं कसं बेतशीर. बाळ तीन आठवडे आधी आलं. बारसं बाराव्या दिवशी, आणि बाळाला काय सांगणार, माझं प्रॅक्टिकल आहे म्हणून? रात्री जागून कुंची पुरी केली. केमिस्ट्रीचं जर्नल अपुरं राहिलं, त्यावर सही मिळाली नाही आणि मला प्रॅक्टिकलला बसू दिलं नाही. बारशाला कुंचीचं तोंडभर कौतुक झालं. मोजे त्या पोरीला महिन्याभरात लहान झाले.

गंमत म्हणजे त्याच वर्षी मी स्वतःसाठी स्वेटरही विणत होते, आणि त्याने माझं काहीएक बिघडवलं नाही. वाचून डोकं शिणलं की चार ओळी विणायच्या, पुन्हा पुस्तक उघडायचं. जानेवारीत राहिला तो मेपर्यंत तसाच राहिला. त्याच्यावाचून कोणाचं अडलं नव्हतं. माझं वर्ष विणकामामुळे अडचणीत आलं असं आई आजही म्हणते. मी म्हणते, तारीख दिली म्हणून आलं. आणि तारीखही मी दिली नव्हती, ती वेगळीच गोष्ट.

आता तुझ्या ट्युलिपचा हिशोब मांडू. पाच फुलांचा गुच्छ तू ३५० रुपयांना देतेस. लोकर, तार, कागद, रिबन मिळून ११० जातात. एक फूल पानदेठासकट पन्नास मिनिटांचं, म्हणजे पाच फुलांना चार तास दहा मिनिटं. बांधणी, फोटो, इन्स्टाग्रामवर "थोडं कमी करा ना ताई" वाल्यांना उत्तरं आणि कुरिअरकडे हेलपाटा धरला की साडेसहा तास. हातात राहिले २४०. तासाला ३७ रुपयेसुद्धा पुरते नाहीत. भाव वाढव असं तुला कोणीही सांगेल, आणि वाढवच. पण ५०० केलेस तरी तेरा दिवसांचे चौदा होणार नाहीत.

माझं ऐकशील तर झालेलं तेवढंच विक, व्हायचंय ते विकू नकोस. सुट्टीत निवांत बसून राख्या कर, कीचेन कर, फुलं कर, डब्यात भरून ठेव. फोटो टाकशील तो डब्यातल्या वस्तूचा. संपलं की "संपलं" लिहायचं. पहिल्या सेमिस्टरला राखी, गणपती आणि इन्सेम एकमेकांच्या अंगावर येतात, आणि तुझ्याकडे "ताई, रविवारपर्यंत होईल ना?" नेमकं तेव्हाच येतं. नाही म्हणताना तुझी जीभ जड होते, ठाऊक आहे मला. रिकामा डबा तुझ्या वतीने नाही म्हणेल.

आणि हो, घरातल्यांचं "एवढंसं करून दे ना" हीसुद्धा ऑर्डरच. तुझ्या आत्याच्या मुलीचं रुखवत डिसेंबरात आहे, म्हणजे तोरण आणि ताटावरचे रुमाल तुझ्याच गळ्यात पडणार. आत्तापासून आत्याला सांगून ठेव, की दिवाळीच्या सुट्टीत जे होईल ते होईल.

या सतरा फुलांचं काय? आज संध्याकाळी ऑर्डर दिलेल्या चौघींनाही मेसेज कर: परीक्षा आहे, त्यानंतरच्या आठवड्यात देते, नको असेल तर ॲडव्हान्स परत करते. एखादी रुसेल. रुसू दे.

सत्र चालू असताना हातात क्रोशे ठेव, सुयांचं विणकाम सुट्टीसाठी राखून ठेव. क्रोशात एका वेळी एकच टाका जिवंत असतो. मध्येच उठायचं झालं तर त्या एका फासात सेफ्टी पिन अडकवली की काम संपलं, पिशवीत कोंब, कँटीनला जा. दोन सुयांच्या कामात ओळीतले सगळेच टाके जिवंत. दीडशे टाके सुईवर, रूममेट कॉटवर धपकन बसली आणि सुई निसटली, की तो तास गेलाच. शिवाय "ही एवढी ओळ संपवते नि उठते" हे आपल्या जमातीचं जुनं खोटं आहे. मी ते साठीतही बोलते, गॅसवर दूध असताना.

तो निळा स्वेटर अर्धवट आहे ना? तो मात्र परीक्षेआधी नीट झोपव. दाभणात वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून आरपार काढ, मग सुया काढून घे. टोकांना सैल गाठ. सोबत एक चिठ्ठी: सुई किती मिलिमीटरची, कितवी ओळ, पुढची सुलट की उलट. महिन्याभराने उघडशील तेव्हा यातलं काही म्हणजे काही आठवत नसतं.

स्वेटर का आखडला विचारत होतीस. तो नमुना अमेरिकन आहे, त्यात आठ नंबरची सुई म्हणजे ५ मिलिमीटर. तू वापरल्यास आजीच्या डब्यातल्या आठ नंबरच्या, त्या आपल्याकडच्या जुन्या मोजणीच्या, ४ मिलिमीटरच्या. आपल्या जुन्या मोजणीत आकडा वाढला की सुई बारीक होते, अमेरिकेत जाड होते. नमुन्यात १० सेंटिमीटरला १८ टाके हवेत, तुझे २१ बसले असतील. घेर १८० टाक्यांचा, तो १०० सेंटिमीटरचा व्हायचा तर ८६ चाच झाला. वीतभर तुकडा आधी विणून मोजायचा कंटाळा केलास की हे असं होतं. एम-थ्रीवाल्या मुलीला त्रैराशिक मी सांगायचं?

आईशी भांडताना तू "संशोधन" फेकलंस म्हणे, की हात चालू असले की जास्त लक्षात राहतं. तो जॅकी अँड्रेड यांचा २००९ चा प्रयोग असणार. चाळीस माणसांना एक कंटाळवाणा फोन-निरोप ऐकवला. त्यातले निम्मे ऐकता ऐकता कागदावरचे आकार पेन्सिलीने भरत होते, आणि त्यांच्या २९ टक्के जास्त लक्षात राहिलं. पण त्यात कोणी विणत नव्हतं, आणि निरोप होता पार्टीला कोण येणार याचा. लाप्लासच्या गणिताचा नव्हता. पाठ झालेलं पुन्हा ऐकताना क्रोशाचे साधे टाके, साखळ्या आणि खांब, घाल, बिनधास्त. गणित सोडवताना दोन्ही हात वहीवर. वर्गात तर पिशवीतून काढूसुद्धा नकोस. सरांचं लक्ष गेलं की तुझा विषय होतो.

लोकर थोडी थोडी आणतेस तेवढी सवय मोड. पॉकेटमनीत एका वेळी दोनच गुंडे बसतात, कळतं मला. पण लेबलवर डाय लॉटचा, म्हणजे लोकर रंगवल्याच्या खेपेचा, आकडा असतो, आणि लॉट बदलला की तोच निळा वेगळा दिसतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, बाहेर उन्हात कळतं. पुरेसे पैसे जमेपर्यंत छोटी वस्तू कर. आता आणलेच असशील वेगळ्या लॉटचे, तर दोन ओळी याच्या, दोन त्याच्या अशा विण. जोड डोळ्यात भरत नाही.

अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात असं ओझरतं लिहिलंयस. ते ओझरतं सोडू नकोस. त्याच मनगटाने तुला पेपर लिहायचेत. वर मी काहीही म्हटलं असलं तरी आजपासून ही परीक्षा संपेपर्यंत सुया आणि क्रोशे दोन्ही बंद, आणि तरी थांबलं नाही तर डॉक्टरकडे जा. यात घासाघीस नाही.

आईला मी फोन करते. माळ्याचं तेवढं मी बघून घेईन.

तुझी,
मावशी

ता. क. सतरा फुलं पिशवीत भरून माझ्याकडे आणून टाक, येता-जाता. देठं मी वळून ठेवते. मला कोणाची इन्सेम नाही. तार मात्र तूच आण, मागच्या खेपेची फार मऊ होती, फुलं माना टाकतात.