अ‍ॅपमध्ये दाखवलेली धूमकेतूची प्रत (तेजस्वितेचा आकडा; जितका लहान तितका उजळ) आणि प्रत्यक्ष दिसणारी प्रत जुळत का नाही? घरच्या नोंदीला काही अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की धूमकेतू अ‍ॅपने दाखवलेल्या जागी बरोब्बर सापडतो, पण सांगितलेल्या प्रतीइतका उजळ कधीच वाटत नाही. तर १०×५० बायनॉक्युलरने ठेवलेल्या नोंदीला किंमत आहे का? आहे, आणि ती तेजस्वितेच्याच नोंदीला आहे.

कक्षेचं गणित पक्कं असतं. पॉन्स-ब्रूक्स धूमकेतू १८१२ मध्ये पॉन्स यांना सापडला, १८८३ मध्ये ब्रूक्स यांना, मग १९५४ मध्ये येऊन गेला. फेरी साधारण ७१ वर्षांची. २१ एप्रिल २०२४ ला तो सूर्याच्या सर्वांत जवळ येणार, हे खूप आधी ठाऊक होतं. वेळेत चूक होते ती किरकोळ, आणि तीही धूमकेतूच्याच अंगातून उसळणाऱ्या वायूंच्या धक्क्याने. एन्केचा धूमकेतू एकोणिसाव्या शतकात दर फेरीला सुमारे अडीच तास लवकर येई, त्यामागे हाच धक्का असल्याचं खगोलशास्त्रज्ञ व्हिपल यांनी १९५० मध्ये दाखवलं.

तेजस्वितेचं तसं नाही. सूर्यापासूनचं अंतर निम्मं झालं की नुसत्या परावर्तित प्रकाशाने दीड प्रतीचा फरक पडेल. पण बर्फ उडून वायू आणि धूळ वाढते, म्हणून तेजस्वितेचा अंदाज बांधायच्या सूत्रात बहुधा तीन प्रती धरतात. हा 'बहुधा' फार महत्त्वाचा. प्रत्येक धूमकेतूचा उजळण्याचा वेग वेगळा, येतानाचा एक, परततानाचा दुसरा. पॉन्स-ब्रूक्स तर जुलै २०२३ मध्ये सूर्यापासून दूर असतानाच एकाएकी जवळपास पाच प्रतींनी, म्हणजे शंभरपट उजळला. सूत्राला हे कसं कळणार?

तुम्हाला तो मंद वाटतो याची दोन साधी कारणंही आहेत. सांगितलेली प्रत म्हणजे सगळ्या शिखेचा (धूमकेतूच्या डोक्याभोवतीच्या वायू-धुळीच्या धूसर आवरणाचा) प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर जी येईल ती. प्रत्यक्षात तो प्रकाश पसरलेला असतो. शिवाय सूर्याजवळचा धूमकेतू क्षितिजालगत असतो, तिथे हवेचा जाड थर आणि त्यात नाशिक शहराचा उजेड. मी गंगापूर धरणाच्या बाजूला जातो, कारण तिकडे पश्चिम क्षितिज मोकळं मिळतं. २०२४ च्या मार्चअखेर पॉन्स-ब्रूक्स मेषेत हमाल ताऱ्याच्या अगदी शेजारी होता. नुसत्या डोळ्यांना संधिप्रकाशात दिसला नाही, बायनॉक्युलरमध्ये मात्र कापसाच्या बोळ्यासारखा लगेच आला.

प्रत अशी काढा. आधी धूमकेतू नीट फोकस करून त्याच्या शिखेचा आकार आणि उजेड मनात पक्का करा. मग जवळच्या ताऱ्यावर जाऊन फोकस बिघडवा, इतका की ताऱ्याची चकती त्या शिखेएवढी होईल, आणि उजेडाची तुलना करा. एक तारा धूमकेतूहून उजळ हवा, एक मंद. मधली जागा दशांशात ठरवा. मेषेत भरणीतला ४१ मेष (३.६) आणि अश्विनीतला गॅमा मेष (३.९) वरच्या बाजूला कामी आले. खालच्या बाजूला पाचव्या प्रतीच्या आसपासचा एक धरला. मला उत्तर साडेचारच्या आसपास मिळालं. तारे धूमकेतूच्याच उंचीवरचे घ्या, नाहीतर हवेमुळे अर्धी-एक प्रत सहज चुकते. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री सोडून द्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ताऱ्यांची प्रत अ‍ॅपमध्ये बघा, धूमकेतूची बघू नका. आकडा डोक्यात बसला की डोळा तिकडेच झुकतो. माझ्या पहिल्या आठवड्याच्या सगळ्या नोंदी अ‍ॅपशी छान जुळत होत्या, म्हणूनच मी त्या वगळल्या.

तारीख, वेळ, उपकरण, शिखेचा आकार आणि वापरलेले तारे लिहून ठेवलेत, तर स्लोव्हेनियातल्या चर्नी व्ह्र वेधशाळेने चालवलेल्या कॉब्स (COBS) या धूमकेतूंच्या नोंदींच्या संग्रहात नोंद पाठवता येते.