बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात फॅमिली डॉक्टर व्हायचंय, तर एमबीबीएस बेळगावच्या बिम्समधून (सरकारी मेडिकल कॉलेज) करावं की तिथल्याच जेएनएमसीतून (खासगी मेडिकल कॉलेज)?

नीटमध्ये गुण बसत असतील तर बिम्स. जेएनएमसी 1963 पासूनचं, नाव मोठं, शिकवणंही चांगलं; पण फी खासगी कॉलेजची. डोक्यावर कर्ज घेऊन जांबोटीसारख्या गावात दवाखाना चालवणं अवघड, मग माणूस स्पेशालिस्ट व्हायला पळतो. बिम्स सरकारी, जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं. गावच्या दवाखान्यात पुढं जे येणार तेच तिथं ओपीडीत दिसतं: ताप, खोकला, साप चावलेला, वाढलेली शुगर.

कॉलेज कुठलंही घ्या, आतल्या पोरांना दोनच गोष्टी विचारा. इंटर्नशिपमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रावर खरंच पेशंट तपासायला मिळतात, की नुसत्या सह्या? आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पोरांना गावातली जी कुटुंबं दत्तक देतात, त्यांच्या घरी ती नियमित जातात का? पुढं फॅमिली मेडिसिनमध्ये एमबीबीएसनंतरचं तीन वर्षांचं एमडी किंवा त्याच तोडीचं डीएनबी करता येतं, तेवढ्यासाठी कॉलेज निवडू नका.

आणि हो, कन्नड शिका. मराठी शाळेतून आलेल्यांचं घोडं इथंच अडतं. म्हातारीला 'एष्ट दिना आत्री?' म्हणजे 'किती दिवस झाले?' एवढं विचारता आलं, तरी ती पुढचं सगळं आपसूक सांगते.