पाच वर्षांच्या मुलीला न घाबरवता वैयक्तिक सुरक्षितता कशी शिकवायची?

आंघोळ घालताना सुरुवात करा. अवयवांची खरी नावं सांगा. लाडक्या नावांनी तक्रार केली तर शाळेत बाईंना कळतच नाही. नुसतं ‘अनोळखी माणसापासून सावध’ अपुरं, कारण त्रास देणारा बहुतेकदा ओळखीचाच असतो. म्हणूनच काका-मावशीला पापा द्यायची सक्ती कृपया करू नका. घरात तिचं ‘नको’ मोडलं, की बाहेर ते तोंडातून निघत नाही. ‘कुणाला सांगू नकोस’ असं कुणी म्हटलं, तर लगेच येऊन सांगायचं, हा पक्का नियम. विश्वासातली तीन-चार मोठी माणसं तिलाच निवडू द्या. एक शाळेतलं असावं. तिने काही सांगितलं, तर खोदून विचारू नका. ‘सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही’ म्हणा आणि तिचेच शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा.