शाळेच्या मैदानातला कचरा कमी कसा करावा?

चार डबे ठेवले, परिपाठात सूचना दिल्या, तरी मधली सुट्टी संपली की मैदानभर कचरा, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडेही हेच होतं. मी सातवीचा वर्गशिक्षक. दोन वर्षं भाषणं दिली, उपयोग शून्य.

मग एक आठवडा पोरांना कचरा उचलायला नाही, मोजायला लावला. गटागटाने मैदान वाटून घेतलं, वहीत नोंदी केल्या. कागदाचे बोळे फारसे निघालेच नाहीत. ढिगाने निघाले ते पाच रुपयांच्या पाकिटांचे फाडलेले कोपरे! पाकीट बहुतेक जण डब्यात टाकत होते. दातांनी तोडलेला तुकडा मात्र जागीच थुंकायचा. तो पुरता न तोडता पाकिटालाच लटकता ठेवायचा, एवढं शिकवलं आणि निम्मं काम झालं.

दुसरं, डबे कुठे आहेत ते बघा. आमचे ऑफिसच्या दारात होते, पाहुण्यांना दिसावेत म्हणून. पोरं खातात नळापाशी आणि कडुलिंबाच्या पारावर. तिथे तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे खांबाला तारेने बांधले. कुत्री पाडत नाहीत, तळाला भोकं असल्याने पावसाचं पाणी साचत नाही.

पाकिटं भंगारवाला घेत नाही, कारण त्यात प्लॅस्टिकचे एकावर एक थर असतात. म्हणून शिपाईमामा ती मागे नेऊन जाळायचे. ते आधी बंद करा, धूर वर्गातच येतो. खरा उपाय म्हणजे पाकीट आत येऊच न देणं. जास्त मीठ, साखर, चरबीचा खाऊ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नये, असा अन्नसुरक्षेचा २०२० चा नियम आहेच. पण तो दाखवून टपरीवाल्या मावशींच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? त्यांच्याशी बोललो. आता त्या बोरं, चिंचा, भाजलेल्या शेंगा मापाने देतात, पोरं ओंजळीत घेतात.

आणि हो, कचरा उचलणं ही शिक्षा म्हणून कधीच देऊ नका. एकदा मी दिली, तर एका पठ्ठ्याने मलाच ऐकवलं, "सर, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही!" टिळकांचा धडा मीच शिकवलेला, बोलणार काय? टरफलं अजूनही पडतात. खिचडीच्या उरल्यासुरल्या शितांबरोबर ती खतखड्ड्यात जातात, म्हणून त्यांच्यावरून मी फारसा ओरडत नाही.