अरुंद वाटेत अडकले तर?

प्रश्न : आमचा आठ जणांचा गट भूमिगत गुहांच्या सफरीला निघालाय. पाच-सहा तास आत राहायचं, काही ठिकाणी पोटावर सरपटावं लागेल, असं सांगितलंय. मला लिफ्टमध्येसुद्धा गुदमरतं. बाकी सगळे माझ्यापेक्षा चपळ आहेत. माझ्यामुळे त्यांचा खोळंबा होईल का? आत असताना पाऊस आला तर? जावं की नको?

उत्तर : जा. मात्र लिफ्टचं जे मला सांगितलंत, ते गटप्रमुखाला आजच सांगा. गुहेत लपवलेली भीती फार महागात पडते, कारण ती नेमकी अरुंद जागी बाहेर येते आणि मागचे-पुढचे सगळेच अडकतात. आधी कळलं, तर चांगला गटप्रमुख तुम्हाला स्वतःच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर ठेवील. गट सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीनं चालतो आणि प्रत्येकानं आपल्या मागच्यावर लक्ष ठेवायचं असतं. त्याला खोळंबा म्हणत नाहीत.

आता सरपटण्याचं. खिसे रिकामे करा, पाठीवरची पिशवी काढून पुढे ढकला. एक हात पुढे, दुसरा अंगालगत. मान वळवली की हेल्मेट आडवं होऊन फटीतून निघतं. जोर पायाच्या बोटांनी लावायचा. छाती अडली तर श्वास सोडा. छाती थोडी खाली बसते आणि तेवढ्यात शरीर पुढे सरकतं. घाबरून भराभर श्वास घेतला की छाती फुगते आणि माणूस जास्तच रुततो. म्हणून अडकल्यासारखं वाटलं की आधी थांबायचं, कपाळ हातावर टेकायचं, चार श्वास सावकाश घ्यायचे. हे घरी पलंगाखाली, दिवे घालवून, हेल्मेटसकट करून बघा. तिथेच जीव घाबरा झाला, तर ती अरुंद वाट टाळणारा मार्ग मागून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

पावसाची धास्ती मात्र रास्त आहे, ती सोडू नका. चुनखडीच्या गुहा पाण्यानंच कोरलेल्या असतात आणि पाऊस पडला की पाणी त्याच वाटांनी येतं. तोंडाशी आभाळ निरभ्र असलं तरी दूर डोंगरावर पडलेला पाऊस आत येऊ शकतो. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ रोजी १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक आत गेले आणि पाण्यानं परतीची वाट बंद केली. २ जुलैला ते सापडले, शेवटचा १० जुलैला बाहेर आला. या बचावकार्यात समन कुनान या माजी नौदल पाणबुड्याचा जीव गेला. तेव्हा गटप्रमुखाला सरळ विचारा : हवामान कोण बघणार, आणि सफर रद्द करायचं कधी ठरवणार? ‘काही होत नाही हो’ असं उत्तर आलं, तर त्या माणसाबरोबर मी स्वतः जाणार नाही.

आणखी एक विचारा : आपण किती वाजता बाहेर येणार हे बाहेर कुणाला माहीत आहे, आणि आलो नाही तर तो कुणाला कळवणार? आत मोबाइलचा उपयोग नसतो आणि वेळेचा अंदाजही चुकतो. १९६२ साली मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूवैज्ञानिक घड्याळाशिवाय दोन महिने गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला बाहेर आला तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्टच होता! घड्याळ हवंच.

प्रत्येकाकडे तीन दिवे हवेत, त्यातला मुख्य हेल्मेटवर. सुती कपडे नकोत. ओले झाले की अंगातली ऊब ओढून घेतात. लवणस्तंभांना, म्हणजे ठिबकत्या पाण्यातून तयार झालेल्या चुनखडीच्या खांबांना, हात लावू नका, बोटांच्या तेलानं त्यांची वाढ खुंटते. गुडघ्यांचे पॅड मात्र स्वतःचे, घट्ट बसणारे घ्या. उसने सैल पॅड पहिल्याच रांगण्यात घोट्यापर्यंत घसरतात आणि मग उरलेले तास गुडघे दगडावर.